अनुकूल की प्रतिकूल

जर्सी सिटीतल्या त्या घराचा जिना मला अजून पायांनी आठवतो. चौदा पायऱ्या होत्या आणि नववी कुरकुरायची. ती कुरकुरली की खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून आयरिसमावशी हाक मारून विचारायची, कोण, सुजाता की सुजाताचे बाबा? कुरकुर लांबली तर बाबा, तुटक आली तर मी. आई नववी पायरी गाळूनच चढायची. आपल्यामुळे कोणाच्या घरात आवाज जाऊ नये ही तिची नागपूरपासूनची सवय. त्यामुळे आवाज न होता वरचं दार वाजलं तर ती आई, हेही मावशीला पाठ झालेलं होतं. खाली मालक, वर भाडेकरू आणि मधे हा बोलका जिना, अशी आमची वसाहत. वरच्या घरात शिरल्याशिरल्या समोर निळ्या कोटातली तसबीर होती, तिच्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती आणि मूर्तीशेजारी बाबांची फाइल. फाइल तिथे का, असं पाहुणे विचारत. आई म्हणायची, तीही पूजेतलीच आहे.

ती फाइल म्हणजे बाबांचं सर्वस्व होतं. जाड, काळी, आत प्लॅस्टिकचे पारदर्शक कप्पे. बाबांचे वडील गिरणीत होते, सहीच्या जागी अंगठा उठवणारे. आमच्या घरात त्यानंतर जे काही झालं ते कागदाने झालं. दाखला होता म्हणून शाळा, मार्कशीट होती म्हणून कॉलेज, वक्तृत्वाची प्रमाणपत्रं होती म्हणून प्राचार्यांची शिफारस, ती होती म्हणून पुढचं सगळं, अगदी न्यू जर्सीतल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेपर्यंत. तेव्हा कागदावर त्यांचा विश्वास असण्यात हसण्यासारखं काही नाही. तरी आम्ही हसायचो. त्या फाइलीत मी चौथीत पोहायला शिकले त्याचं सर्टिफिकेट होतं, आईने लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला सलग अकरा आठवडे हजेरी लावल्याचं होतं आणि बाबांनी रक्तदान केल्याचं कार्डही होतं. आमच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाई एकदा सहज बोलून गेल्या होत्या की कुटुंब इथे रुजलंय हे दाखवणारं काही असेल तर जवळ ठेवा. बोलणाऱ्या विसरून गेल्या असतील. बाबांनी मात्र ते वाक्य वहीत तारखेसकट लिहून ठेवलं होतं.

आणि त्या हिवाळ्यात रुजल्याचा पुरावा द्यायची वेळ आली. बाबांची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, प्रयोगशाळा दक्षिणेकडे हलवायचं ठरलं, आणि कोणाला घेऊन जायचं त्या यादीत बाबांचं नाव नव्हतं. डिसेंबरच्या अखेरीपर्यंत ते कागदोपत्री नोकरीत होते. तोवर दुसऱ्या कोणा कंपनीने त्यांना नोकरीवर घेतलं नाही तर आमचा इथे राहण्याचा हक्क संपत होता. आम्हाला इथे येऊन सात वर्षं झाली होती, मी अकरावीत होते, ग्रीन कार्डाचा अर्ज कुठल्याशा टेबलावर होता, आणि कंपनीबरोबर तोही मेल्यात जमा झाला होता. बाबा रोज सकाळी कोट घालून जेवणाच्या टेबलाशी बसत आणि फोन लावत. दुपारी कोट काढत. मग दाढी करणं बंद झालं. मग कोट. आई भांडी घासताना नळ बारीक सोडायची, म्हणजे फोन वाजला तर ऐकू यावा. घरात कोणी जोरात बोलत नव्हतं. आजही नळाची बारीक धार ऐकली की मी फोनकडे बघते, आणि नवरा म्हणतो, अगं नीट सोड ना तो.

आता आयरिसमावशीबद्दल सांगायला हवं. ती आणि तिचा नवरा हेक्टर प्युर्टो रिकोचे. शंभर वर्षांपासून अमेरिकेच्या ताब्यात असलेलं बेट ते. तिथला माणूस जन्मतःच अमेरिकेचा नागरिक, हवं तेव्हा विमानात बसून इकडे यावं, कोणी व्हिसा विचारत नाही. पण बेट हे राज्य नाही. तिथे राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्ष निवडायचं मत नाही, लढाईवर मात्र जावं लागतं. त्या डिसेंबरात बेटावरच्या लोकांना कौल विचारला जाणार होता: पूर्ण राज्य व्हायचं, स्वतंत्र व्हायचं, की आहे तसंच काहीतरी. हेक्टर निवृत्त बसड्रायव्हर, त्याआधी सैन्यात होता, आणि राज्य झालंच पाहिजे या मताचा. मावशी आमच्या शाळेच्या कँटीनमध्ये वाढायला होती. तिला विचारलं तर म्हणायची, मला काय कळतं, मी भात वाढते. त्या दोघांनाही मत नव्हतं, कारण कौल बेटावर राहणाऱ्यांचा होता. आम्हाला तर कुठेच नव्हतं. म्हणजे त्या घरात मोठी माणसं चार, मी धरून पाच, आणि ज्यावर दिवसरात्र वाद चालायचा त्यात एकाचंही मत मोजलं जाणार नव्हतं.

आई आणि मावशीची ओळख तुरीच्या सोल्यांवरून झाली. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मावशीने भाताचं ताट वर पाठवलं. आईने झाकण काढलं, एक दाणा बोटांत धरून उजेडात पाहिला आणि मटकन खुर्चीत बसली. ओल्या तुरीचे सोले. नागपूरला थंडीत आपण करतो तो सोलेभात, फक्त फोडणी निराळी. आईला वाटत होतं की हे दाणे विदर्भाबाहेर कोणाला ठाऊक नाहीत. तेव्हापासून खालून डबे वर आणि वरून डबे खाली असं सुरू झालं. आई तिला आयरिसबाई म्हणायची. आईचं इंग्रजी हजेरीच्या सर्टिफिकेटाएवढंच, मावशीचं इंग्रजी तिच्या स्पॅनिशमधून वळसा घालून यायचं, म्हणून दोघींच्या मधे मी. दुपारी शाळेतून आले की त्यांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचं, हातात तळलेल्या केळ्याची मीठ लावलेली चकती, आणि एकीचं दुसरीला सांगायचं. मी कंटाळून निम्मं गाळायचे. दोघींच्या लक्षात यायचं.

शाळेत निम्मी मुलं त्या बेटाची, म्हणून कॅलहन सरांनी वादविवादाला विषय तोच ठेवला, बेट राज्य व्हावं की स्वतंत्र. ते समाजशास्त्र शिकवायचे आणि त्यांना कायम सर्दी झालेली असायची. फेऱ्या होत होत शेवटच्या दोघांत मी उरले. मी हुशार होते असं नाही. बाकीच्यांना बास्केटबॉल होतं. अंतिम फेरी कँटीनमध्ये, शाळा सुटल्यावर, पालकांना आमंत्रण. नियमांचा कागद सरांनी हातात दिला. बोलायची बाजू कोणती, हे सुरुवातीच्या दहा मिनिटं आधी नाणं उडवून ठरणार होतं, आणि बोलून झालं की समोरचा प्रश्न विचारणार होता.

तो कागद मी घरी नेला आणि त्या दिवशी बाबा टेबलाशी दाढी वाढवून बसलेले होते. त्यांनी सहज विचारलं, आज काय शाळेत. मी म्हटलं, वादविवाद आहे, फायनलला आले. त्यांनी मान वर केली. किती दिवसांनी कोण जाणे. "विषय?" मी विषय सांगितला. बाबा उठून उभे राहिले. कॉलेजात असताना वेगळ्या विदर्भावर बोलून त्यांनी सलग दोन वर्षं ढाल आणली होती, ही गोष्ट आमच्या घरात जेवणाइतकी नेमाने वाढली जायची. त्यांनी विचारलं, "तुझी बाजू कोणती? अनुकूल की प्रतिकूल?"

त्यांच्या नागपुरात स्पर्धेला नाव देतानाच बाजू द्यायची असते. मग घरातलं कोणी मोठं भाषण लिहून देतं, मूल ते घोकतं, हात कुठे उचलायचा तेही घोकतं आणि जाऊन बोलून येतं. समोरचा प्रश्न विचारतो वगैरे प्रकार नाही. मला नियम सांगायला हवा होता. कागद दप्तरात होता. पण बाबा उभे होते, त्यांचा हात आपोआप पेनाकडे गेला होता, आणि आई नळाशी थबकून बघत होती.

मी म्हटलं, "अनुकूल."

पुढचे नऊ दिवस आमच्या घरात नोकरी आल्यासारखं होतं. बाबांनी दाढी केली. खाली जाऊन हेक्टरकाकांना पायरीवर गाठलं, आणि दोघं गळ्याला मफलर गुंडाळून थंडीत बसायचे. हेक्टर सांगायचा, बाबा लांबट वहीत लिहायचे. सैन्यातल्या मित्रांची नावं, बेटावर मत नाही, इथे आलं की मत मिळतं, हा कुठला न्याय. बाबा म्हणायचे, अगदी आमच्यासारखंच आहे हो तुमचं, कापूस आमचा आणि राजधानी दुसरीकडे. ते असे मराठीवर आले की मी भाषांतर करायचे. हेक्टरला कापसाचं काय ते कधीच कळलं नाही, पण तो मान डोलवायचा. सहा मिनिटांचं भाषण तयार झालं. सुरुवातीला अध्यक्ष महोदय, मधे प्रश्नार्थक तीन वाक्यं, शेवटी उजवा हात. रोज संध्याकाळी मी तसबिरीसमोर उभी राहून म्हणायचे आणि बाबा हातात घड्याळ धरून ओठ हलवायचे.

एका संध्याकाळी आईला म्हणाले, "हे सर्टिफिकेट लागलं ना फाइलीत, तर वजन पडेल. इथल्या प्रश्नावर बोलून राहिली पोरगी. इथलीच झाली ना मग ती."

 आईने माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं, पण मी काहीतरी गिळून बसले आहे हे आईला दिसतं तसं दिसलं असावं. माझा हिशेब सरळ होता. नाणं दोनच बाजूंनी पडतं, निम्मी शक्यता माझी. दुसऱ्या बाजूची तयारी मी केली नाही. करायला बसले की वाटायचं, आपण बाबांच्या विरुद्ध काही करतोय. सोळा वर्षांच्या मुलीला असं लॉजिक सुचतं आणि पटतंही.

त्याच आठवड्यातली एक दुपार. आईने आदल्या दिवशी वकीलबाईंचा फोन ऐकला होता. खाली मावशी केळी तळत होती, रेडिओवर बेटाच्या कौलाच्या बातम्या चालू होत्या, आणि आईचा बांध फुटला. मला म्हणाली, विचार तिला. "म्हणावं, तुम्हाला न मागता मिळालं. आम्ही हात जोडून उभे आहोत, आम्हाला मिळून नाही राहिलं. आणि तुमच्यातले काही म्हणतात, नको, आम्ही वेगळे होतो. असं काऊन वाटतं माणसाला? विचार." मी विचारलं. थोडं मऊ करून. पण आईचा चेहरा मऊ करता येण्यासारखा नव्हता.

मावशीने गॅस बंद केला. वरच्या फळीवरच्या तांदळामागून बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा काढला. आत जुन्या मलमलीत गुंडाळलेला, हाताने शिवलेला बेटाचा झेंडा होता. पट्टे, फिकट निळा त्रिकोण, त्यावर पांढरा तारा जरा वाकडा. तिने माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, हे तुझ्या आईसाठी आहे, तू फक्त तोंड आहेस. मग सांगितलं. ती लहान असताना बेटावर तो झेंडा घरात ठेवणंसुद्धा गुन्हा होता. तिच्या वडिलांनी तो आईच्या झग्याच्या कापडातून शिवला आणि गादीत लपवला. शेजाऱ्याने कळवलं. वडील सहा वर्षं तुरुंगात होते. सुटून आले तेव्हा त्यांना बसून जेवता येत नव्हतं, ताट हातात घेऊन भिंतीला पाठ लावून उभे राहून जेवायचे, ते शेवटपर्यंत. आणि हेक्टरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो सैन्यातला, त्याचे भाऊ सैन्यातले. लग्न ठरताना तिच्या आईने हेक्टरच्या घरी सांगितलं होतं की आपला नवरा तेवढी वर्षं फ्लोरिडात टोमॅटो तोडायला गेला होता. मावशीने तेच पुढे चालवलं. सव्वीस वर्षं.

आईने झेंड्याला हात लावला नाही. पदराने हात पुसले आणि मग लावला. तोंडाला आता काम नव्हतं. मी केळं खाल्लं.

फायनलच्या दिवशी बाबा कोट, टाय आणि फाइल अशा वेषात आले. आईने डब्यात लाडू आणले होते, परीक्षकांना द्यायला. मी तिला हात जोडून ते बाहेर काढू दिले नाहीत. हेक्टर तिसऱ्या रांगेत बाबांशेजारी, सैन्यातली टोपी घालून. मावशी काउंटरमागे, केसांवर जाळी, ट्रे पुसत होती. तिची वेळ संपली होती पण माझ्यासाठी थांबली होती. बाबांनी मला बाजूला घेऊन टायची गाठ सारखी करत म्हटलं की घाई करू नको, दुसऱ्या प्रश्नानंतर श्वास घे. त्यांच्या हातातून फाइल निसटत होती, इतका घाम होता तळव्यांना, डिसेंबरात.

सरांनी नाणं उडवलं. माझ्याविरुद्ध अँथनी नावाचा मुलगा होता, स्वभावाने बरा, बोलणं मात्र कंडक्टरने तिकीट मागितल्यासारखं. नाणं टेबलावर पडलं, गोल फिरलं, फिरतच राहिलं. राज्याची बाजू अँथनीला. मला स्वातंत्र्य.

दहा मिनिटं होती. त्यातली तीन मी बाथरूममध्ये भिंतीला टेकून काढली. बाकीची सात बाबांच्या भाषणातल्या प्रत्येक वाक्यात नकार कसा घालायचा हे ठरवण्यात. अँथनी आधी बोलला. आणि जे बोलला ते जवळजवळ बाबांचंच भाषण होतं. साहजिक आहे, मुद्दे तर तेच असणार. पण बाबांना नाणं कळलं नव्हतं, ते मागे बसून लांबून पाहत होते, त्यांना वाटलं की याने आपले मुद्दे चोरले. ते हेक्टरच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाले. मग मी उभी राहिले, माझं पहिलं वाक्य इंग्रजीतून बाहेर पडलं की या बेटाने राज्य होऊ नये, आणि बाबांचे ओठ, जे माझ्याबरोबर हलायला लागले होते, थांबले.

तो चेहरा मी नंतर कधीही पाहिलेला नाही, त्यांच्या आजारपणातही नाही. रागाचा नव्हता. घर चुकलेल्या माणसाचा होता.

सहा मिनिटांतली चार मी कशी काढली हे सांगण्यात अर्थ नाही. हात उचलला तेव्हा बोलायला वाक्य नव्हतं, म्हणून तो तसाच खाली आणला. मुलं हसली. मग प्रश्नांची वेळ आली. अँथनी म्हणाला की पासपोर्ट, नोकरी, संरक्षण, सगळं मिळतंय. हे सोडून जावं असं कोणाला वाटेल? "एक माणूस सांग," तो म्हणाला. "पुस्तकातला नको. एक खरा."

मला फाइल दिसत होती. बाबांच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली, एक कप्पा रिकामा ठेवलेली.

मी सांगितलं. आमच्या घरमालकिणीचे वडील, मी म्हटलं. झग्याचं कापड म्हटलं, गादी म्हटलं, सहा वर्षं म्हटलं. नऊ दिवस घोकलेलं सगळं कामाला आलं, कुठे थांबायचं, आवाज कुठे उतरवायचा. उभ्याने जेवणं मी शेवटाला ठेवलं. इतकं चांगलं मी आयुष्यात पुन्हा बोललेले नाही. कँटीनमध्ये शंभरेक माणसं होती आणि फ्रीजची घरघर ऐकू येत होती. उजवा हात योग्य वेळी वर गेला. मी काउंटरकडे पाहिलं नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतंच. मावशीने ट्रे खाली ठेवला, आवाज न करता, आईसारखा. केसांची जाळी काढली आणि मागच्या दाराने निघून गेली. हेक्टरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या आत बघत राहिला.

सामना अँथनी जिंकला. सर्वोत्कृष्ट वक्ता म्हणून सर्टिफिकेट मला. बाबांनी ते तिथेच, उभ्या उभ्या, रिकाम्या कप्प्यात सरकवलं. प्लॅस्टिक चुरचुरलं. बाजू कशी बदलली हे त्यांनी विचारलं नाही, आजपर्यंत नाही. एवढंच म्हणाले, "हात छान उचलला." आईने लाडवांचा डबा पिशवीतून काढलाच नाही. तिने घरापर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. इंग्रजी तिला कितीही कमी येत असो, झगा आणि गादी हे शब्द तिला येत होते.

त्या संध्याकाळी जिना चढताना मी नववी पायरी मुद्दाम वाजवली. खालून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवली. खालून भांड्यांचे आवाज येत होते, म्हणजे माणूस होतं. शाळेत मावशी माझ्या ताटात भात वाढायची, इतरांएवढाच, बरोबर एक डाव. पूर्वी दीड वाढायची. डबे थांबले. आई दुपारी खिडकीशी बसून राहायची. तिला बोलायला त्या अख्ख्या शहरात एकच बाई होती आणि ती मी बंद केली होती.

बाबा फाइल घेऊन वकीलबाईंकडे गेले, मला भाषांतराला नेलं. खरं म्हणजे त्यांना भाषांतराची गरज नव्हती. सर्टिफिकेट कमावणारी मुलगी समोर बसलेली असावी, एवढ्यासाठी. वकीलबाईंनी फाइल चाळली. हवे ते दोन कागद काढून घेतले. बाकी फाइल बंद करून बाबांकडे सरकवली आणि चांगुलपणाने म्हणाल्या की हे सगळं खूप छान आहे, पण याचा काही उपयोग नाही, नोकरी देणारा कोणी आहे का? बाबा म्हणाले, शेवटचं पान पाहिलं का? त्यांनी पुन्हा उघडून शेवटचं पान पाहिलं. माझ्याकडे बघून हसल्या. व्हेरी नाइस, म्हणाल्या. बाहेर आल्यावर बाबा फुटपाथवर थांबले, रुमाल काढला, फाइलीवर बर्फाचा एक कण पडला होता तो टिपला, आणि म्हणाले, चल, आईला सांगू. त्या दिवशी मी त्यांचा हात धरला असता तर बरं झालं असतं. मी सोळा वर्षांची होते, रस्त्यावर कोणी वर्गातलं दिसेल म्हणून नाही धरला.

कौलाचा रविवार आला. खाली रेडिओ मोठ्याने लागलेला होता. दुपारभर विचार करून मी खाली गेले. दार उघडं होतं. हेक्टर खिडकीशी पाठ करून बसलेला, मावशी ओट्याशी, आणि तो पत्र्याचा डबा फ्रीजवर, उघड, कोणालाही दिसेल असा. मी सॉरी म्हटलं. बोलायचं सगळं घोकून गेले होते, मोठं होतं, पण तेवढंच आलं.

मावशी सोले निवडत होती. हात थांबवले नाहीत. म्हणाली, "तू चांगलं बोललीस. तेच वाईट झालं. वाईट बोलली असतीस तर कोणी ऐकलं नसतं." मग एक किडका दाणा बाजूला काढून म्हणाली, "त्याने एक खरा माणूस विचारला होता. तुझा बाप तिथे बसला होता, फाइल घेऊन. त्याचं का नाही सांगितलंस?"

  ज्याला इथे राहायला मिळत नव्हतं त्याची गोष्ट माझ्या बाजूला उपयोगी नव्हती, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगितलं. खरं कारण, मला लाज वाटत होती. तिच्या वडिलांची गोष्ट सांगताना वाटली नाही, आपल्या वडिलांची सांगताना वाटली असती. आता पंचेचाळिशीत, दुसऱ्यांची गाऱ्हाणी जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगणारी बाई म्हणून मी घरात प्रसिद्ध आहे. मुली म्हणतात, मॉम, ही स्टोरी तुझी आहे की कोणाची? मी जरा थांबते तेव्हा.

संध्याकाळी निकाल लागला. तिथल्या मताच्या कागदावर राज्य आणि स्वातंत्र्य यांच्या खाली आणखी काही पर्याय होते आणि सगळ्यात शेवटी एक रकाना होता, वरीलपैकी एकही नाही. तोच जिंकला. हेक्टर कितीतरी वेळ रेडिओकडे बघत होता. मग तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि त्या दिवसांतलं पहिलं वाक्य तो बायकोशी बोलला. स्पॅनिशमध्ये, त्यामुळे काय ते मला कळलं नाही. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो ताट घेऊन उठला आणि भिंतीला पाठ लावून उभ्याने जेवू लागला. मी वर पळाले.

नोकरी आली नाही. डिसेंबर संपला. नागपूरचं तिकीट निघालं, सात वर्षांचं घर सहा बॅगांत बसलं, तसबीर साड्यांच्या घडीत गेली, तिच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला. बाबा पुढे नागपूरला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवू लागले, मुलांचे लाडके झाले. मी आठ वर्षांनी माझ्या कागदांवर परत आले, आता इकडे दक्षिणेत कॅरी नावाच्या गावात आहे, मतही देते. पण त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. हेक्टर बॅगा खाली नेत होता, बाबा काखेत फाइल धरून रस्त्यावर उभे होते, ती त्यांनी बॅगेत घालू दिली नव्हती. आई सगळ्यात शेवटी निघाली. मी तिच्यामागे होते. ती नवव्या पायरीशी आली, आणि गाळली नाही. पूर्ण पाय टेकला. पायरी कुरकुरली. आई तशीच उभी राहिली. मग तिने पाय उचलून पुन्हा टेकला.

खालून आवाज आला, "कोण?"

आई मागे वळली नाही. मी तोंड उघडलं होतं, सवयीने. तिने हात मागे करून मला थांबवलं आणि स्वतःच्या इंग्रजीत म्हणाली, "आयरिसबाई, मी."

दार उघडलं. मावशीच्या हातात भाताचा डबा होता, फडक्यात बांधलेला, गरम. आई आत गेली. दार पूर्ण लागलं नाही, फटीतून दोघी दिसत होत्या, ओट्याला टेकून, एकमेकींचे हात धरून. त्या बराच वेळ बोलत होत्या, एक आपल्या इंग्रजीत, दुसरी आपल्या. मी स्वेटरची बाही ओढत शेवटच्या पायरीवर बसले होते, हाकेच्या अंतरावर. मला कोणी मधे बोलावलं नाही.